तोडकर सरांचा इन्स्टॉलर

"हे मी आज काढून टाकणार," मी म्हणालो.

"काय?" तोडकर सरांनी विचारलं.

"इन्स्टॉलर. सगळ्या मशीनवरून."

"हात लावायचा नाही."

एवढं बोलून ते पुन्हा ब्रेलच्या कागदावरून बोटं फिरवायला लागले. म्हणजे विषय संपला. त्यांचा संपला, माझा कसा संपणार? भर उन्हात दुकानाचं शटर ओढून मी स्कूटरवर बार्शीच्या या टोकापासून त्या टोकाला आलो होतो, आणि खोलीत शिरताशिरता बाकाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून घेतला होता. अंध मुलांच्या निवासी शाळेतली ती संगणकाची खोली. तिथे दिवा लावायची पद्धत नव्हती. सरांना लागत नाही, मुलांना लागत नाही, मग बिल कशाला वाढवायचं? मॉनिटरही कपाटात, जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेले. टेबलांवर नुसते कीबोर्ड, स्पीकर आणि खाली संगणकाचे डबे. मी आलो की एक मॉनिटर बाहेर निघायचा आणि काम झालं की पुन्हा चादरीत जायचा. मशीन बोलायची, मुलं ऐकायची आणि टाइप करायची. खोलीभर नाकात बोलणारे दहा आवाज एकदम सुरू असायचे, आणि त्यात तोडकर सरांना नेमकं कळायचं की मागच्या बाकावरची सुवर्णा गाणी ऐकते आहे.

आता इन्स्टॉलर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर आमचं भांडण कशावरून होतं ते कळायचं नाही. नव्या संगणकात काहीच नसतं. तो चालू लागण्याआधी त्यात एक मूळ प्रणाली बसवावी लागते. ती बसवणारं हत्यार म्हणजे इन्स्टॉलर. काम झालं की त्याचं तिथे काही काम नसतं. पण या शाळेला कुणा देणगीदाराने दिलेल्या मशीनवर जी फुकटची प्रणाली होती, तिचा इन्स्टॉलर डिस्कच्या एका कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला होता. वर स्क्रीनवर, सगळ्यात पहिल्या जागी, त्याचं चित्र होतं. 'नव्याने बसवा.' ते दाबलं की मशीन दोनदा विचारतं, खात्री आहे का? हो म्हटलं की बंद होऊन पुन्हा सुरू होतं, असलेलं सगळं पुसतं आणि पुन्हा कोऱ्या पाटीसारखं होतं. शाळेत असली गोष्ट पहिल्या जागी ठेवायची म्हणजे बालवाडीच्या दारात विळा टांगून ठेवण्यासारखं आहे. मी बारा ठिकाणची मशीन सांभाळत होतो. अशी चूक मी कुठेच राहू दिली नव्हती.

"सर, घर बांधून झालं की गवंडी परांची सोडून नेतो की नाही?"

"नेतो."

"मग?"

"गवंडी नेतो, कारण परांची त्याची असते. ही माझी आहे."

"उद्या एखाद्या पोराने दाबलं तर?"

"मशीन विचारतं ना दोनदा. मोठ्यांदा विचारतं. आमची पोरं ऐकतात, बुरगुटे. ऐकण्याशिवाय दुसरं करतात काय?"

"बरं, तोडगा काढू. मी तो पेनड्राइव्हवर घेतो आणि तुमच्याकडे देतो. कपाटात कुलपात ठेवा. लागला तर आहे, नाही लागला तर धोका नाही."

"पेनड्राइव्ह माझ्या उपयोगाचा नाही."

"का नाही? कारण सांगा ना एकदा."

"कारण सांगितलं की तुम्ही ते तपासायला बसणार. मला तपासून घ्यायचं नाहीये."

अशा माणसाशी काय बोलणार? हे एकदाच झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण शाळेचं वार्षिक देखभालीचं कंत्राट माझ्याकडे आल्यापासून दर खेपेला हेच. मी काढतो म्हणायचं, त्यांनी नको म्हणायचं, आणि मी चडफडत परत. घरी सुनंदा म्हणायची, "अहो, त्यांचं आहे, ठेवू दे की. तुमचं काय जातंय?" माझं जात काहीच नव्हतं. पण चुकीचं ते चुकीचं. शिवाय काही झालं असतं तर बोल मलाच लागला असता.

आणि खरं सांगायचं तर बोल लावायला एक माणूस टपूनच बसला होता. संस्थेचे अध्यक्ष अंबादासअण्णा. डाळमिलचे मालक. शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली आणि अण्णा ती मनापासून चालवत, हे नाकारता येणार नाही. पोरांना दूध-भाकरी कधी कमी पडू दिली नाही. पण महागाची मशीन आंधळ्या माणसाच्या ताब्यात, ही गोष्ट त्यांच्या मनाला कधी पटलीच नाही. एकदा मिलवर प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काय ओ बुरगुटे, ती संगणकाची खोली तुमीच का घेत न्हाई? चार्ज तुमच्याकडं. किल्ली तुमच्याकडं. सरांनी आपलं शिकवावं, तुमी मशीन बगावं."

"सरांना काय वाटेल?"

"वाटायचं काय त्यात? डोळस मानूस पायजेच की तितं. काई झालं तर दिसाय नको का?"

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. कंत्राट वाढलं तर कुणाला नको असतं? पण अण्णांनी ते सरांच्याही कानावर घातलं असावं, कारण त्यानंतर सर आणखीच ताठ झाले. खोलीची किल्ली ते पूर्वी खिशात ठेवायचे, आता जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधायला लागले. ती खोली त्यांची होती. त्यांनीच ती मांडली होती, मुलांना त्यांनीच शिकवलं होतं. ब्रेलची पुस्तकं छापायचं काम त्यांनीच उभं केलं होतं. ती काढून घेतली तर त्यांच्याकडे उरणार होते फक्त तास आणि घंटा. हे मला कळत होतं. पण म्हणून धोक्याची गोष्ट धोक्याची नाही असं कसं म्हणणार?

त्या वर्षी अधिक महिना आला.

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, ओवाळायचं, धोंड्यांचं जेवण घालायचं, अनारसे आणि दिवा लावलेलं चांदीचं ताट हातात द्यायचं, आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा. अण्णांची एकुलती मुलगी पुण्याला दिलेली. जावई हृषीकेशराव, कुठल्याशा मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. अण्णांनी ठरवलं की धोंड्याचं एक जेवण जावयाच्या हस्ते शाळेतल्या पोरांना द्यायचं. कल्पना चांगली होती. पण जेवणाआधी जावईबापूंना शाळा दाखवायची ठरली आणि सकाळीच मला फोन आला.

"बुरगुटे, या हिकडं. ते मॉनिटर का काय ते जोडून द्या. जावईबापू संगणकातलेच हायेत. त्यांना दिसाय पायजे."

मी गेलो. चादर सोडली, मॉनिटर आणि माउस जोडले, दिवाही लावला. तोडकर सर टेबलाशी उभे. स्वच्छ पांढरा सदरा, चेहरा एरंडेल प्याल्यासारखा. मुलं प्रार्थनेच्या हॉलमध्ये बसवलेली होती.

"आज तरी ते वरचं चित्र लपवू द्या," मी हळूच म्हणालो. "नुसतं लपवतो. काढत नाही."

"पोरं त्याच्यापासून मोजतात. पहिलं ते, दुसरं लिहायचं, तिसरं वाचायचं. ते लपवलं तर सगळ्यांचा हिशोब एका घराने चुकेल. नको."

तेवढ्यात अण्णा जावयाला घेऊन आले. हृषीकेशराव चांगला उंचापुरा माणूस. बोलायला गोड होता. त्याच्या कपाळावर अजून कुंकवाचा टिळा होता. खुर्चीवर बसताच मशीन बोलायला लागलं. माउस हलेल तिथलं नाव वाचायचं हे त्याचं कामच.

"नव्याने बसवा. लेखन. वाचन. नव्याने बसवा."

"ओह, स्क्रीन रीडर," जावईबापू म्हणाले. "गुड, गुड. पण फार इरिटेटिंग आहे हो आवाज."

"सवय होते," सर म्हणाले.

"आय कॅन इमॅजिन." आणि वाकून त्यांनी स्पीकरची पिन उपसली.

"आवाज राहू द्या," सर चटकन म्हणाले. "आवाजाशिवाय कुणी मशीन हाताळायचं नाही, असा इथला नियम आहे."

"अहो सर, ते मुलांसाठी," अण्णा हसत म्हणाले. "यांना दिसतंय की."

मग खोलीत सामसूम झाली. सरांची मान जरा तिरकी झाली. त्यांना आता काहीच कळणार नव्हतं. मला दिसत होतं आणि दिसूनही उपयोग नव्हता. जावईबापूंनी इकडेतिकडे दोनचार फाइली उघडून पाहिल्या. मग माउस त्या पहिल्या चित्रावर गेला.

"हे काय? इन्स्टॉलर अजून ठेवलाय? स्ट्रेंज. बघू कुठलं व्हर्जन आहे."

"साहेब, ते नका—" मी पुढे झालो.

अण्णांनी माझा दंड धरला. डोळे वटारून, ओठ न हलवता ते म्हणाले, "गप ऱ्हावा. त्यास्नी कळतं."

अधिक महिन्यात जावयाला 'नका' म्हणायचं नसतं. त्याने दाबलं. मशीनने विचारलं, खात्री आहे का? त्याने न वाचताच हो केलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. पुण्याच्या ऑफिसात दिवसभर अशा चौकटी येतच असतील. त्या कोण वाचत बसतं? स्क्रीन काळी झाली.

"काय झालं?" सरांनी विचारलं. डब्यातल्या पंख्याचा आवाज बदलला होता. "मशीन बंद का झालं? कुणी सांगाल का?"

कुणीच सांगेना. मशीन पुन्हा सुरू झालं. पुसत आहे, अशी पट्टी भरायला लागली. जावईबापूंना तेव्हा कळलं. घाबरून त्यांनी बटण दाबून धरलं आणि मशीन अर्ध्यातच मारून टाकलं. आता ते ना जुनं राहिलं ना नवं झालं.

"इन्स्टॉलर चालवला," मी सांगितलं. "आणि अर्ध्यात बंद केला."

त्या मशीनमध्ये दहावीचं भूगोलाचं पुस्तक होतं, ब्रेलमध्ये छापायला तयार केलेलं. दुसरी प्रत शेजारच्या मशीनमध्ये होती. सर प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवायचे. आदल्या दिवशी केलेलं तेवढं गेलं.

हृषीकेशराव उठले, रुमालाने हात पुसले. "सॉरी. पण खरं सांगू का, हे टूल इन्स्टॉलेशननंतर काढूनच टाकायला हवं होतं. इट्स बेसिक."

माझं मत होतं ते. अगदी शब्दाला शब्द. वर्षभर घसा फोडून मी तेच सांगत होतो. पण त्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सांगता सोय नाही. घर पेटवणाराने काडेपेटी चुलीशेजारी का ठेवली म्हणून विचारावं, त्यातला प्रकार.

अण्णांनी जावयाला जेवणाच्या हॉलकडे पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"बुरगुटे, तुमी सांगितलं होतं का सरांना, हे काडा म्हनून?"

आता खोटं कसं बोलायचं? "सांगितलं होतं."

"किती येळा?"

"बऱ्याच."

"ऐकलं सर? जावयाची चूक हाय का ह्यात? ते तितं होतंच कशाला? उद्या एकांद्या पाव्हन्यानं हात लावला, परवा साहेब आला तपासनीला. आसं चालायचं न्हाई. बुरगुटे, आत्ताच्या आत्ता ह्यो डबा सुरू करा आनि बाकीच्यातनं ते काडून टाका. आजपास्नं खोलीचा चार्ज तुमच्याकडं. किल्ली द्या सर."

सरांनी सदऱ्याखाली हात घातला. गाठ सुटेना. किल्ली काढायला त्यांना वेळ लागला. टेबलावर ती त्यांनी माझ्या बाजूला ठेवली, अगदी अंदाजाने. माझा हात तिथेच होता.

"आधी हे मशीन सुरू करू द्या," ते म्हणाले. "पोरं जेवून येतील. त्यांचा तास आहे."

"तुमी हात लावू नका. ते करतील."

तर मी बसलो. वर्षभर ज्याच्यासाठी भांडलो ते सगळं एका दुपारी पदरात पडलं होतं आणि मला नुसती चीड येत होती. कुणाची ते सांगता येईना. मी खिशातून माझा पेनड्राइव्ह काढला आणि लावला. मशीन सुरू करताना एक बटण दाबून धरलं की निळी स्क्रीन येते. त्यात निवडावं लागतं की आज डिस्कवरून नको, पेनड्राइव्हवरून सुरू हो. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं की मी झोपेतही करीन.

सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"आता काय आलंय?"

"निळी स्क्रीन."

"काय लिहिलंय त्यात?"

"यादी आहे. निवडतोय."

"कशाची यादी? कितवं निवडलं?"

"सर, थांबा जरा."

मशीन पुन्हा काळं. पांढरी अक्षरं सरसर वर जाऊ लागली.

"आता?"

"काही नाही. अक्षरं पळतायत."

"काय अक्षरं?"

अण्णा दाराशी घड्याळ बघत होते. हॉलमधून पोरांच्या पंगतीचा गलका येत होता. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि कानाशी हा माणूस. आता काय, आता काय.

"सर, तुम्ही जरा गप्प राहाल का?" मी ओरडलोच. "आलं की सांगतो ना."

"हेच," तोडकर सर म्हणाले.

"काय हेच?"

"आलं की सांगतो. पोस्टात हेच, दवाखान्यात हेच, बँकेत हेच. जन्मभर दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून हेच ऐकतोय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ही निळी स्क्रीन बोलते का, बुरगुटे?"

मी समोर बघितलं. माझा हात कीबोर्डवरच थांबला.

"नाही," मी म्हणालो.

"ही काळी?"

"नाही."

"पेनड्राइव्ह लावला की या दोन मुक्या स्क्रीन ओलांडायच्या. कुणाच्या डोळ्यांनी ओलांडायच्या? तो मशीनमधला पहिल्या अक्षरापासून बोलतो. त्याला तुम्ही लागत नाही. कुणीच लागत नाही."

मी पेनड्राइव्ह उपसला. स्पीकरची पिन शोधली, ती टेबलाखाली धुळीत पडली होती. पुसून पुन्हा लावली. मशीन बंद केलं, सुरू केलं. डिस्कच्या कोपऱ्यातला तो इन्स्टॉलर शाबूत होता. नाकातला आवाज आला, "भाषा निवडा."

"बसा," मी उठून म्हणालो.

"बुरगुटे," अण्णा दारातून म्हणाले, "म्या काय सांगितलं?"

"अण्णा, आता चार्ज माझ्याकडे आहे ना? मग मी ठरवतो. बसा सर."

ते बसले. वाटतं तसं काही ते फटाफट झालं नाही. एकदा त्यांनी चुकीची भाषा निवडली आणि मशीन कानडीत बोलायला लागलं, तेव्हा शिवी हासडून मागे गेले. एकदा फार वेळ काहीच आवाज येईना, तेव्हा बोटं टेबलावर आपटत बसले. मला दिसत होतं की पट्टी भरते आहे. सांगावंसं वाटत होतं, पण नाही सांगितलं. अण्णांनी दोन जांभया दिल्या. शेवटी मशीन म्हणालं, "नव्याने बसवा. लेखन. वाचन." सरांनी मान मागे टाकून मोठा श्वास सोडला.

अण्णा पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल होतं ते मी मिलमध्ये नवं यंत्र आल्यावर बघितलेलं होतं.

"म्हंजी हे तुमी सोताच करता?"

"करतो."

"कवापास्नं?"

"मशीन आल्यापासून. बिघडलं की करतो. यांना फोन केला की हे उद्या येतो म्हणतात."

मला त्या वर्षी शाळेतून फोन फार कमी आले होते. मी सुनंदाला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की माझं काम इतकं पक्कं आहे की बिघाडच होत नाही.

"बुरगुटे," अण्णा माझ्याकडे वळले. "तुमी जानकार हाय. आता एकदाचं काय ते सांगा. हे ठेवायचं का काडायचं?"

"ठेवायचं," मी म्हणालो. "दुसरीकडे कुठेही असतं तर काढलं असतं. इथे ठेवायचं. पहिल्याच जागी. आणि पाहुणा कोणीही असो, कुणाचाही जावई असो, स्पीकरची पिन काढायची नाही, असं दारावर लिहा. किल्ली ही घ्या. चार्ज सरांकडेच असू द्या."

जावयाचं नाव घेतलेलं अण्णांना आवडलं नसणार. पण व्यापारी माणूस. रागापेक्षा हिशोब आधी. त्यांनी किल्ली उचलली, सरांच्या हातात दिली, आणि मग जे विचारलं ते त्यांनी मला नाही, सरांना विचारलं.

"सर, मंग मला येक सांगा. मशीन तुमीच सांभाळता, बिगडलं तर तुमीच बसवता. मंग हे बुरगुटे तुमाला लागतात का?"

मी सरांकडे बघितलं. त्यांच्यासाठी मी आत्ता अध्यक्षाच्या तोंडाला तोंड दिलं होतं. हातात आलेली किल्ली परत केली होती. माणूस निदान 'तसे कधीमधी लागतात' एवढं तरी म्हणेल. म्हणायला काय लागतं?

"नाही," तोडकर सर म्हणाले.

नुसतं नाही. मागेपुढे काही नाही. अण्णांनी मान डोलावली आणि पंगतीकडे गेले. माझं कंत्राट तिथेच संपलं.

मी मॉनिटर काढला, चादरीत गुंडाळला, कपाटात ठेवला. दिवा बंद केला. पुन्हा तोच गुडघा त्याच बाकाला आपटला. डोकं नुसतं भणभणत होतं. उपकाराची फेड अपकाराने म्हणतात ती अशी. स्कूटरपाशी पोचलो तर मागून काठीचा आवाज आला.

"बुरगुटे. रागावलात?"

"रागावणार नाही तर काय? एवढं खरं बोलायची गरज होती?"

"होती. मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आमच्यासारख्याला कुणीतरी लागणारच, हे धरूनच चालतात लोक. आज पहिल्यांदा कुणीतरी सरळ विचारलं. मी उत्तर देऊ नको?"

मी स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. पुन्हा मारली.

"येत जा," ते म्हणाले.

"कशाला? लागत नाही म्हणालात."

"म्हणूनच या. शनिवारी पोरं खेळायला जातात, मी एकटाच असतो. चहा करतो मी बरा. ज्याची आपल्याला गरज असते त्या माणसाशी नीट भांडता येत नाही हो. तो उद्या आलाच नाही तर, ही भीती असते पोटात. कधी लागलातच तर, म्हणून वर्षभर तुमच्याशी जपून भांडलो. आता मोकळेपणानं भांडू."

इतक्या दिवसांत त्या माणसाने मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं. माझा प्रत्येक तोडगा उडवून लावला होता. कितीदा मी दात-ओठ खात घरी गेलो होतो. ते जपून भांडत होते, हे मला तोवर कळलंच नव्हतं.